वेखंडाच्या सात पुड्या

त्यांनी माझी पिशवी स्टेशनातल्या बाकावर उलटी केली. आधी बाळाचं दुपटं पडलं. मग दूध गळतं म्हणून कपड्याच्या आत ठेवायचे पॅड, त्यातला एक वापरलेला. मग डिंकाच्या लाडवांचा डबा. शेवटी सात छोट्या पुड्या. हातमोजे घातलेल्या पोलीसबाईने तो वापरलेला पॅड दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला, उलटा करून पाहिला आणि दुपट्यावर ठेवला.

लोक जात होते. इथले लोक थांबून बघत नाहीत. चालता चालता बघतात आणि पाऊल जरा हळू करतात. त्यांच्यात आमच्या मराठी मंडळाच्या डॉक्टर काकू होत्या. तीस वर्षं या देशात डॉक्टरकी केलेली बाई. माझ्या मुलीच्या बारशाला येऊन तिच्या पायात चांदीचे वाळे घालून गेलेली. आमची नजरानजर झाली. मग काकूंनी मान वर केली आणि गाड्यांच्या वेळेचा बोर्ड वाचायला लागल्या. बोर्डावर तेव्हा दोनच गाड्या होत्या.

हे कुठल्या स्टेशनवर झालं ते मी लिहीत नाही. मी कॉव्हेंट्रीत राहते आणि ते तिथून अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरे. त्या सकाळी पोलीस कुत्रा घेऊन गेटपाशी उभे होते. कुत्रा माझ्यासमोर आला आणि खाली बसला. बसला म्हणजे वास आला, असं त्यांचं ठरलेलं. लाडवांत आईने पाव किलो साजूक तूप ओतलं होतं. कुत्र्याला मी दोष देत नाही.

पुड्यांत वेखंड होतं. बाळाला न्हाऊ घातल्यावर टाळूला चिमूटभर चोळायचं, सर्दी होऊ नये म्हणून. माझ्या बाळंतपणासाठी आई नागपूरहून आली, तेव्हा एक डबाभर पूड घेऊन आली होती. पण इथली हवा ओली. सारखा डबा उघडला तर पूड सर्दावेल, म्हणून आईने रोजची एक अशा पुड्या बांधल्या. नव्या कपड्यांबरोबर जादा बटणं ज्या चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत येतात, तसल्या पिशव्या तिने दुकानातून शंभरभर आणवल्या. वरून दाबलं की बंद होणाऱ्या. आई बावीस वर्षं एका नर्सिंग होममध्ये आया होती. पेशंटच्या गोळ्या रोजच्या रोज पुड्यांत भरून ठेवायचं काम तिच्याकडे असायचं. हाताला लागलेली सवय. चिठ्ठी लावायची गरज तिला वाटली नाही. घरात दुसरं कोण वाचणार होतं?

माझ्या मैत्रिणीला दीड महिन्याचा मुलगा आहे. तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही. म्हणून माझी आई तिच्या बाळाच्याही पुड्या बांधायची आणि मी नेऊन द्यायची. अकराच्या गाडीने जायचं, दोनच्या आत परत. माझी मुलगी साडेतीन महिन्यांची, घरी आईपाशी. फ्रिजमध्ये काढून ठेवलेल्या दुधाची एक बाटली. एक म्हणजे एकच.

पोलीसबाईने विचारलं, “हे काय आहे?”

इंग्रजीत वेखंड कसं सांगायचं? मी म्हटलं, हर्बल पावडर, बाळासाठी.

“सगळी तुमचीच?”

“नाही. माझ्या मैत्रिणीसाठी आहे.”

“आधीही दिली आहे तिला?”

“हो. गेल्या आठवड्यात दिली होती.”

मी खरं बोलत होते. खरं बोललं की सुटतो, असं मला अजून वाटत होतं. ती लिहून घेत होती. तिने मान वर करून सोबतच्या पोलिसाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यावरून मला कळलं की मी काहीतरी भलतंच कबूल करून बसले आहे. बाळगणं वेगळं आणि दुसऱ्याला पुरवणं वेगळं. मी माझ्या तोंडाने पुरवणं सांगितलं होतं.

स्टेशनातल्याच एका खोलीत त्या पोलिसाने चाचणी केली. एक पुडी उघडली. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पूड छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात टाकली. पाकिटातली काचेची नळी बाहेरूनच दाबून फोडली. हलवलं. घड्याळात पाहिलं. आतलं पाणी आधी पिवळं झालं, मग केशरी, मग तपकिरीकडे जायला लागलं. त्याने पाकीट एका रंगांच्या कार्डाशेजारी धरलं. पोरगेला होता, वाईट नव्हता. मला म्हणाला, “सॉरी. हे ॲम्फेटामिन दाखवतंय.” आणि मला अटक केली.

सातांतली एकच पुडी. एकदाच. मी ते तेव्हाच मनात नोंदवलं, पण बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर फ्रिजमधली बाटली होती.

पोलीस ठाण्यात सगळे फार सभ्य होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. मला चहा हवा का विचारलं. माझं आडनाव तीनदा विचारून नीट लिहून घेतलं. मग माझ्या सलवारीची नाडी काढून घेतली. कोठडीत नाडी ठेवू देत नाहीत, नियम आहे. माझं सिझेरियन झालेलं. टाके दुखू नयेत म्हणून मी सैल सलवार घालते. कोठडीपर्यंतचा रस्ता मी एका हाताने सलवार धरून चालले, दुसऱ्या हातात चहाचा कप. त्याला मी नको म्हणायला हवं होतं. मला नाही म्हणताच येत नव्हतं त्या दिवशी.

नंतर त्यांनी राखाडी रंगाची इलॅस्टिकची पँट आणून दिली. ती घातली आणि निळ्या गादीवर बसले. भिंतीत संडासाचं भांडं. दाराला एक झडप, दर अर्ध्या तासाने उघडायची आणि बंद व्हायची. कुणाला कळवायचं विचारलं तेव्हा मी नवऱ्याचा नंबर दिला. तो ब्रिस्टलला, कामाच्या ठिकाणी. आईला कळवा म्हणायचं होतं. पण आईला इंग्रजी येत नाही, आणि पोलिसांचा फोन आला तर ती उभ्या जागी कोसळली असती.

अडीच वाजायच्या सुमाराला दूध उतरलं. ज्यांना मुलं झाली आहेत त्यांना कळेल. बाळ रडायच्या वेळेला अंगालाच कळतं. छाती दगड झाली. कुर्ता पुढून ओला होऊन पोटाला चिकटला. पॅड बाकावरच्या सामानाबरोबर जप्त. मी बेल वाजवली, सांगितलं. बाई आली, बिचारी खरंच ओशाळली, आणि पेपर टॉवेलचा गठ्ठा देऊन गेली. मी भिंतीकडे तोंड करून दूध त्या कागदांत पिळलं आणि संडासात टाकलं. माझी पोर घरी उपाशी, आणि मी तिचं दूध पोलिसांच्या संडासात ओतत होते. मी रडले. इतकी रडले की झडप उघडून कुणीतरी “यू ओके?” विचारलं. मी “येस” म्हटलं. ती लाज अजून गेलेली नाही.

चार वाजता वकील आला. सरकारी, फुकटचा. थकलेला माणूस, बुटावर चिखल, पण ऐकून घेणारा. मी सगळं सांगितलं. त्याने डोळे चोळले आणि म्हणाला, माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. पूड प्रयोगशाळेत जाईल, त्याला आठवडेच्या आठवडे लागतील. तोवर माझ्यावर पुरवठ्याचा संशय राहील, तपास चालू राहील, माझ्या कंपनीला कळू शकेल, व्हिसाचं काय होईल ते तो सांगू शकत नाही. नाहीतर, मी जर कबूल केलं की ही पूड ॲम्फेटामिन आहे आणि माझी आहे, स्वतःपुरती, तर पोलीस पुरवठ्याचं सोडून देतील. कॉशन देतील. म्हणजे ताकीद. कोर्ट नाही, काही नाही. एक सही, आणि तासाभरात घरी.

“तुम्ही जे केलं नाही ते कबूल करा, असं मी सांगू शकत नाही,” तो म्हणाला. “समोर काय आहे ते सांगणं माझं काम आहे.”

मग म्हणाला, तुमच्या नवऱ्याशी बोललो. ते गाडीत आहेत, निघालेत. ते तुमच्यावर सोडतात. त्यांनी एका डॉक्टर मैत्रिणीला फोन केला होता, ही बाळाला लावायची पूड आहे एवढं लिहून द्याल का म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, मी पूड पाहिलेली नाही, मी कशी लिहून देऊ. डॉक्टरांचा सल्ला आहे की पहिलीच वेळ आहे, सही करावी, विषय संपेल.

काकू. तीन हातांवर उभ्या होत्या. सातही पुड्या पाहिल्या होत्या.

पण मला त्या क्षणी काकूंचा राग आला नाही. मला ते शेवटचे दोन शब्द ऐकू आले. विषय संपेल. हे मी आधी ऐकलं होतं, याच सुरात, नागपुरात. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

आई ज्या नर्सिंग होममध्ये होती तिथे सुटताना पिशवी दाखवायची पद्धत होती. सगळ्यांनी नाही. नर्सबायका तशाच जायच्या. आमच्या वस्तीतून येणाऱ्या दोघी आयांनी आणि झाडणाऱ्या बाईने दाखवायची. डॉक्टरमॅडम टेबलापाशी बसायच्या, आई समोर उभी राहून पिशवी उघडायची. डबा, रुमाल, छत्री. मी शाळेतून येऊन तिथे थांबायची, रोज बघायची. रोज पिशवीत काही निघायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी परत उघडायची. चाचण्या करणं हाच माझा धंदा, त्या भाषेत सांगायचं तर चाचणी वर्षानुवर्षं निगेटिव्ह येत होती आणि तरी कुणी चाचणी बंद करत नव्हतं. कारण तपासत होते ती पिशवी नव्हतीच.

एकदा ग्लुकोज पावडरचा डबा सापडेना. पिशवीत नव्हता, तरी आईलाच विचारलं. आई शपथा घ्यायला लागली. मॅडमनी एक कागद लिहिला, आईपुढे सरकवला. आईला सही येत होती, भरभर वाचता येत नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, “तू हुशार ना? वाचून दाखव आईला.” मी वाचलं. मला वाचायला सांगितलं की मोठ्याने, शुद्ध वाचायची सवय होती. “माझ्या हातून चूक झाली. पुन्हा अशी चूक होणार नाही.” मॅडम म्हणाल्या, सही कर, विषय संपेल. आईने माझ्याकडे पाहिलं. सही केली.

तीन दिवसांनी डबा फ्रिजच्या मागे सापडला. कागद मात्र फाडला नाही. टेबलाच्या खणात राहिला. पुढे कापूस कमी पडला, थर्मामीटर हरवलं, की खण उघडायचा. विषय कधी संपलाच नाही. माझ्या शुद्ध वाचनाचं त्या दिवशी मला फार कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

मी वकिलाला विचारलं, “ती ताकीद कुठे राहते?”

“रेकॉर्डवर.”

“किती दिवस?”

“तशी मुदत नसते.” मला कळलं. खण.

चौकशीच्या खोलीत तोच पोरगेला पोलीस आणि एक वयस्क माणूस. टेप चालू. वयस्क माणसाने पुन्हा विचारलं, पूड कसली, कुणाकडून आली. मी सांगितलं. मग म्हणाला, चाचणीत ॲम्फेटामिन आलं आहे, त्यावर काय म्हणणं आहे?

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा, हे माझं काम. चाचणी फसली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, प्रोग्रॅम चुकलाय की चाचणी? तो प्रश्न विचारल्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवते. आणि सकाळपासून मी तो विचारला नव्हता. बाटलीच्या धाकात विसरले होते. त्याहून खरं म्हणजे, माझी पिशवी उघडली की चूक माझीच असणार, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

मी म्हटलं, “मला एक विचारायचं आहे. त्या पाकिटात आणखी काय काय टाकलं तर केशरी रंग येतो?”



“ही प्राथमिक चाचणी आहे,” वयस्क माणूस म्हणाला. “ती फक्त दिशा दाखवते.”

“हो. पण केशरी रंग आणखी कशाने येतो? जायफळाने येतो? सुंठीने? तुम्ही कधी करून पाहिलंय?”

पोरगेल्याने खाली पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका कार्डावर रंग दिले होते आणि रंग जुळला की अटक करायची, एवढंच.

“तुम्ही एकच पुडी तपासली,” मी म्हटलं. “सात होत्या. आणि शेजारी साधी पिठाची चिमूट ठेवून पाहिली नाही.”

वयस्क माणूस म्हणाला, पाकीट चुकत असेल तर प्रयोगशाळा सांगेलच. पण कबूल केलंत तर आत्ता घरी जाल. बाळ आहे ना तुम्हाला.

बाळ आहे ना तुम्हाला. इतका वेळ त्या एका दोरीने मी बांधलेली होते. आणि तेव्हा मला स्वच्छ दिसलं की त्यांच्या त्या पाकिटाला एकट्याने काही सिद्ध करता येत नाही. त्याला माझी कबुली लागते. नळीतला रंग खोटा असला तरी माझ्या सहीने तो खरा होणार होता. आईच्या सहीने तो ग्लुकोजचा डबा चोरीला गेला होता, तसा.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं. “सातही पुड्या लॅबला पाठवा.”

आवाज कापत होता. टेपवर असेल अजून. पण शब्द तेवढेच होते.

साडेसहाला सोडलं, तपास चालू ठेवून. नाडी पाकिटात घालून परत दिली, ती मिळाल्याची सही घेतली. ती सही मी केली. बाहेर नवरा उभा होता. आम्ही गाडीत बसलो. त्याने एकदाच विचारलं, “कबुलीवर सही केली असतीस तर बरं झालं असतं का गं?” मी म्हटलं, गाडी चालव.

घरी पोरगी झोपलेली. पोट भरलेलं. बाटली संपल्यावर आई तिला कडेवर घेऊन शेजारच्या पंजाबी म्हातारीकडे गेली होती. रिकामी बाटली पुढे धरून उभी राहिली. त्या बाईने नातवाला पाठवून डब्याचं दूध आणवलं. माझ्या आईला ना इंग्रजी ना पंजाबी. तिने बरोबर दार शोधलं.

मी आईला सगळं सांगितलं. ती कॉटवर बसून ऐकत राहिली. मला वाटलं म्हणेल, काहून वाद घातला, करून टाकायची सही. तिने पोरीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “पुड्या म्याच बांधल्या होत्या ना. मले बोलवायचं होतं.” आणि थोड्या वेळाने, “तुले वाचून दाखवाले लावलं होतं तिनं. मले तेच जास्त लागलं होतं.”

इतकी वर्षं मला वाटत होतं ते फक्त मला आठवतं.

सात आठवड्यांनी पत्र आलं. पुढील कारवाई नाही. प्रयोगशाळेला काय सापडलं ते पत्रात नव्हतं. मी लिहून मागितलं. दुसऱ्यांदा मागितल्यावर एक ओळ आली, बंदी असलेला पदार्थ आढळला नाही. माफी नाही. पुड्या नष्ट केल्या, हे मात्र न विचारता कळवलं.

मंडळाच्या दिवाळीला काकू भेटल्या. हातात चकलीची प्लेट. म्हणाल्या, “संपलं ना गं सगळं? आता कंप्लेंट वगैरे करत बसू नकोस. तुमचा पर्मनंट व्हिसा यायचाय. आणि मंडळाचंही नाव असतं.”

मी म्हटलं, “काकू, त्या दिवशी बोर्डावर दोनच गाड्या होत्या. तुम्ही खूप वेळ वाचत होतात.”

त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली. त्यांच्या मागे कुणीतरी पणत्यांचा फोटो काढत होतं. आम्ही त्यानंतर बोललेलो नाही.

तक्रार मी केली आहे. तिच्यात एकच प्रश्न आहे, केशरी रंग आणखी कशाने येतो, आणि हे तुमच्या पोलिसांना कोण सांगतं? उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती पुन्हा पाठवते. नवरा म्हणतो, नाद सोड. तो घाबरतो, त्याला घाबरायचा हक्क आहे. अटक झाली होती का, असं पुढे कुठल्याही फॉर्मवर विचारतील. मी हो लिहीन आणि खाली सगळं लिहीन, वेखंडासकट. रकाना पुरला नाही तर पान जोडेन.

आई नागपूरला परत गेली. डिसेंबरात मी जाते आहे, पोरीला घेऊन. ते नर्सिंग होम अजून तिथेच आहे, मॅडमचा मुलगा चालवतो. टेबल तेच आहे, असं आई सांगते. मी आईला बरोबर घेऊन आत जाणार आहे आणि तो कागद मागणार आहे. नाही म्हणतील, हरवला म्हणतील, कुठला कागद म्हणतील. मी खण उघडायला लावीन. त्यातली दोन वाक्यं मला तोंडपाठ आहेत. ती मी मोठ्याने वाचली होती, शुद्ध. फाडणारही मीच आहे, त्यांच्यासमोर.